प्रसवकालीन परीक्षण आणि नवजात शिशूचा जंतुसंसर्ग

ओझर आणि निफाड तालुक्यातील द्राक्षबागांची छाटणी सुरू झाली, की पेठ-सुरगाण्याकडील मजुरांची कुटुंबे कामासाठी इकडे येतात. त्यांत दिवस भरत आलेल्या स्त्रियाही असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका कुटुंबातील पहिलटकरीण पहाटे आमच्याकडे आणली गेली. आदल्या सायंकाळीच तिची पाण्याची पिशवी फुटली होती. वस्तीवरील सुईणीने तिला आतून तपासले होते. आम्ही आल्याबरोबर पुन्हा तपासले. कळा मंद होत्या म्हणून दोन तासांनी परत तपासले, आणि नातेवाईक सारखे विचारू लागले म्हणून आणखी एकदा. दुपारी तिला मोठ्या रुग्णालयात पाठविले. तेथे प्रसूती सुखरूप झाली. परंतु तिसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना आणि त्याचे अंग गार पडू लागले. दीर्घ उपचारांनंतर ते वाचले.

आम्ही सोबत दिलेल्या चिठ्ठीत ‘कळा मंद, पुढील उपचारार्थ’ एवढेच लिहिले होते. पाणी केव्हापासून जात आहे आणि आत किती वेळा बोटे गेली, याचा त्यात उल्लेख नव्हता. संसर्ग आमच्या हातून झाला की लांबलेल्या प्रसूतीमुळे, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. नोंद न केल्याचा दोष मात्र निश्चितपणे आमचा होता. त्या अनुभवातूनच प्रस्तुत लेखाचा विषय सुचला. प्रसूतीच्या वेळी माता व गर्भ यांच्यावर लक्ष ठेवणे हे वैद्याचे कर्तव्यच होय. परंतु त्यासाठी केलेल्या प्रत्येक आंतरिक परीक्षणाचे मोल बाळाला द्यावे लागू शकते. हे मोल कसे पडते आणि ते कमीत कमी कसे राखावे, याचा येथे विचार करू.

संसर्गाचा मार्ग

गर्भ नऊ महिने ज्या कोशात वाढतो, तो बाहेरील जंतूंपासून बऱ्याच अंशी सुरक्षित असतो. गर्भाशयमुखातील घट्ट श्लेष्मा हा पहिला अडसर, तर गर्भोदकाभोवतालची आवरणे हा दुसरा. प्रसववेदना सुरू होऊन मुख उघडू लागले, की पहिला अडसर दूर होतो. पिशवी फुटली, की दुसराही नाहीसा होतो. त्यानंतर योनिमार्गातील जंतूंना गर्भाशयापर्यंत चढण्यास वाट मोकळी होते.

हे जंतू स्वतःहून चढतातच. परंतु परीक्षण करणारी बोटे त्यांना उचलून थेट मुखाच्या आत नेऊन ठेवतात. हातमोजा निर्जंतुक असला, तरी ज्या मार्गातून तो जातो तो मार्ग निर्जंतुक नसतो, ही गोष्ट आपण विसरतो. मोजा आपल्या हातावरील जंतू रोखतो. योनिमार्गातील जंतू वर जाण्याचे तो थांबवू शकत नाही. दूषित झालेले गर्भोदक बाळ गिळते, काही अंशी त्याच्या फुप्फुसांतही ते जाते, आणि जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांत न्यूमोनिया किंवा रक्तातील जंतुदोष प्रकट होतो.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात १३ हजारांहून अधिक आजारी नवजात शिशूंचा अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे १४ टक्के शिशूंना रक्तदोष, म्हणजे सेप्सिस, झाला होता आणि त्यांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश प्रसंग पहिल्या ७२ तासांतील होते. अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व ई. कोलाय हे प्रमुख जंतू आढळले आणि नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना ते दाद देत नव्हते. हातांवर, पृष्ठभागांवर व साधनांवर टिकून राहणारे हे जंतू आहेत. ‘नंतर प्रतिजैविक देऊ’ या भरवशावर स्वच्छतेत ढिलाई करणे आता मुळीच परवडणारे नाही, हा या अभ्यासाचा आपल्यासाठी धडा.

ग्रंथोक्त विचार आणि व्हिएन्नाचा अनुभव

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात प्रसूतीच्या वेळी उपस्थित राहणाऱ्या स्त्रियांचे वर्णन आहे. त्या प्रौढ वयाच्या, प्रसवकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात, असे आचार्य सांगतात. चरकाचार्यांनी जातिसूत्रीय अध्यायात स्वतंत्र सूतिकागाराची योजना सांगितली आहे. व्रणिताच्या शुश्रूषेसाठी सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन सुश्रुतांनी दहा दिवस, दिवसातून दोनदा करावयास सांगितले. याचा अर्थ आचार्यांना जंतुशास्त्र ठाऊक होते, असा दावा आम्ही करीत नाही. तसा दावा करून ग्रंथांचा गौरव वाढत नाही. प्रसवाच्या वेळी बाहेरून येणारा दोष रोखावयाचा आहे आणि त्याचा एक मार्ग परिचारिकेच्या हातांतून जातो, एवढे निरीक्षण त्यांच्यापाशी होते. ‘नखे कापलेली’ या एका विशेषणात ते सामावले आहे.

युरोपात हेच सत्य फार मोठ्या किमतीनंतर उमगले. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुईणी शिकत. १८४६ मध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात सुमारे ११ टक्के माता सूतिकाज्वराने दगावल्या. सुईणींच्या विभागात हे प्रमाण तीन टक्क्यांहून कमी होते. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांच्या ध्यानात आले, की विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी प्रसववेदनेतील स्त्रियांचे आंतरिक परीक्षण करतात. १८४७ च्या मे महिन्यापासून त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात हात धुण्याची सक्ती केली. १८४८ मध्ये त्या विभागातील मृत्युप्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास आले. तेथे रोग पसरविणारी क्रिया उपचाराची नव्हती. ती परीक्षणाची होती, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

परीक्षणाचे प्रकार आणि त्यांचे धोके

पहिला प्रकार बोटांनी केलेल्या योनिपरीक्षणाचा. दिवस पूर्ण भरल्यावर परंतु कळा सुरू होण्यापूर्वी पाणी गेलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढील विश्लेषणात असे दिसले, की परीक्षणांची संख्या वाढते तसतसा गर्भावरणांचा संसर्ग वाढतो, आणि सात-आठ परीक्षणे झालेल्या स्त्रियांच्या बाळांत संसर्गाची शक्यता, अगदी कमी परीक्षणे झालेल्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक असते. लांबलेल्या प्रसूतीत परीक्षणेही अधिक होतात आणि संसर्गही अधिक होतो, त्यामुळे सगळा दोष बोटांवर टाकणे न्याय्य नाही. तरीही ही संख्या वैद्याच्या हातात असते. प्रसूतीचा कालावधी नेहमीच नसतो.

नवजात शिशूंच्या सेप्सिससाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ ज्या जोखमींची यादी वापरतात, तिच्यात एक अस्वच्छ किंवा तीनहून अधिक स्वच्छ योनिपरीक्षणे, ही स्वतंत्र जोखीम म्हणून दिलेली आहे. त्याच यादीत २४ तासांहून अधिक काळ पाणी गेलेले असणे, दुर्गंधीयुक्त गर्भोदक, मातेचा ज्वर, २४ तासांहून लांबलेली प्रसूती, कमी वजन वा अपुरे दिवस आणि जन्मतः गुदमरणे यांचा समावेश होतो. एक अस्वच्छ परीक्षण आणि तीनहून अधिक स्वच्छ परीक्षणे येथे समान लेखली आहेत, यावर प्रत्येकाने क्षणभर थांबून विचार करावा.

दुसरा प्रकार गर्भाच्या टाळूच्या त्वचेत बसविण्याच्या इलेक्ट्रोडचा. गर्भाच्या हृदयाचे ठोके सलग व अचूक नोंदविण्यासाठी १९६० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धती पुढे आली. मळसूत्री तारेचे टोक बाळाच्या डोक्याच्या त्वचेत रुतवावे लागते. त्यासाठी पिशवी फुटलेली असावी लागते, नसल्यास फोडावी लागते. म्हणजे दोन्ही अडसर दूर करून वर बाळाच्या त्वचेलाही छिद्र पाडले जाते. बहुतेक बाळांत ते सहज भरून येते; परंतु काहींत त्या जागी गळू होते. निरनिराळ्या अहवालांत हे प्रमाण शंभरात एकाहून कमी ते चार-पाचपर्यंत दिलेले आढळते. मातेला जननेंद्रियांचा हर्पिस, एचआयव्ही किंवा कावीळ-ब असल्यास ते विषाणू जखमेतून बाळाच्या शरीरात शिरू शकतात. म्हणून अशा मातांत हे साधन टाळावे, असा दंडक आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांतही ते वर्ज्य मानतात. आपल्याकडील लहान प्रसूतिगृहांत हे साधन क्वचितच दिसते. तथापि, आपले रुग्ण शहरातील मोठ्या रुग्णालयांत जातात आणि बाळाला घेऊन आपल्याकडेच परततात. बाळाच्या डोक्यावर लहान खपली, सूज वा पू दिसल्यास हा इतिहास अवश्य विचारावा आणि केवळ लेप लावून वेळ घालवू नये.

तिसरा प्रकार पोटावरून करावयाच्या परीक्षणाचा. फीटोस्कोप, हाती धरण्याचा डॉपलर आणि पट्ट्यांनी बांधण्याचे सीटीजी यंत्र यांपैकी काहीच आत जात नाही. म्हणून वर वर्णिलेला धोका त्यांत नाही. मात्र पट्टे एका रुग्णेवरून दुसरीवर न पुसता बांधणे किंवा अर्धी रिकामी जेलची बाटली पुन्हा पुन्हा भरत राहणे, या सवयी जंतूंना आश्रय देतात. जोखीम नसलेल्या स्त्रियांत सतत सीटीजी लावून ठेवण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करीत नाही. अशा सततच्या नोंदीने बाळांतील झटक्यांचे प्रमाण घटते, परंतु बाळांचे मृत्यू कमी झाल्याचे दिसत नाही आणि शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूती मात्र वाढतात, असे एकत्रित अभ्यासांतून आढळले आहे.

मग परीक्षण करूच नये काय?

वरील विवेचनावरून कोणी परीक्षणच टाळावे असा निष्कर्ष काढील, तर तो अनर्थ होईल. १९९४ मध्ये इंडोनेशिया, मलेशिया व थायलंड येथील ३५ हजारांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, नियमितपणे वापरू लागल्यावर लांबलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले आणि प्रसूतिपश्चात सेप्सिस ५९ टक्क्यांनी घटला. नियमबद्ध परीक्षणाने प्रसूती वेळीच मार्गी लागते आणि संसर्गाला अवसरच मिळत नाही. अपाय होतो तो अकारण, अधीरतेने आणि नोंदीविना केलेल्या परीक्षणाने.

चरकाचार्यांनी आवी नसताना प्रवाहण करणाऱ्या स्त्रीचे श्रम व्यर्थ जातात आणि अपत्याला श्वास-कासादी विकार होतात, असे बजावले आहे. तो उपदेश प्रसविणाऱ्या स्त्रीला आहे. आमच्या मते तो वैद्यालाही तितकाच लागू पडतो. वेळ आलेली नसताना घाई करणाऱ्याचे श्रम फुकट जातात आणि त्याचा भार बाळावर पडतो.

आचरणात आणावयाचे नियम

आपापल्या नोंदणीच्या व कायद्याच्या मर्यादेत जे वैद्यबंधू-भगिनी प्रसूती हाताळतात, अथवा प्रसूतीपूर्वी स्त्रीला प्रथम पाहतात, त्यांच्यासाठी पुढील नियम आम्ही सुचवितो.

१. सक्रिय प्रसववेदना सुरू झाल्यावर योनिपरीक्षण साधारणतः चार तासांनी एकदाच करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशीही हेच सांगतात. मधल्या काळात परीक्षण करावयाचे असेल, तर ‘याने आपला निर्णय बदलणार आहे काय?’ असे स्वतःला विचारावे. नातेवाइकांचे समाधान हे परीक्षणाचे कारण होऊ शकत नाही.

२. एकाच स्त्रीला एकामागून एक अनेकांनी तपासू नये. शिकाऊ व्यक्तीने तपासणे आवश्यक असेल, तर तिचे परीक्षण हेच त्या वेळचे परीक्षण धरावे आणि ज्येष्ठाने खात्री करावयाची झाल्यास त्याच वेळी करावी.

३. पाणी गेले आहे परंतु कळा नाहीत, अशा स्थितीत बोटांनी तपासू नये. आवश्यकता भासल्यास निर्जंतुक स्पेक्युलमने पाहावे. अंगावरून रक्त जात असल्यास वार खाली असण्याचा संभव असतो. तेथे बोट घालणे मातेच्या जिवावर बेतू शकते. तिला तत्काळ पुढे पाठवावे.

४. डोके किती उतरले, हे पोटावरून जाणावे. ओटीपोटाच्या हाडाच्या वर डोक्याचे किती पंचमांश हाताला लागतात, हे सरावाने उत्तम कळते. दहा मिनिटांत किती कळा येतात आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकते, हेही पोटावर हात ठेवून मोजावे.

५. गर्भाचे ठोके पहिल्या अवस्थेत दर १५ ते ३० मिनिटांनी आणि दुसऱ्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी, किमान एक मिनिटभर ऐकावेत. मातेचे तापमान व नाडी पाहावी. गर्भोदकाचा रंग व वास यांची नोंद करावी. मातेला ज्वर, गर्भाचे ठोके मिनिटाला १६० हून अधिक आणि गर्भोदकाला दुर्गंध, ही त्रयी संसर्गाची सूचक असून ती पाहण्यासाठी आत हात घालावा लागत नाही.

६. प्रत्येक परीक्षणापूर्वी साबणाने हात धुवावेत, नखे कापलेली असावीत, अंगठ्या काढलेल्या असाव्यात आणि मोजे नवे व निर्जंतुक असावेत. मोजे घातल्यावर हात धुण्याची गरज नाही, ही समजूत घातक आहे. क्लोरहेक्सिडिनने योनिमार्ग सरसकट धुण्याने हा धोका टळत नाही; तशी शिफारसही नाही.

७. नवव्या महिन्यातील योनिपिचू हा आपल्या शास्त्रातील उपक्रम आहे. तथापि, पाणी गेल्याची शंका जरी असली, तरी पिचू, तैल वा अन्य कोणतेही द्रव्य योनिमार्गात ठेवू नये. तेथे शास्त्राभिमानापेक्षा बाळाचे हित मोठे.

चिठ्ठीचे महत्त्व

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या. ही समाधानाची बाब होय. मात्र त्यामुळे एक नवी अडचणही निर्माण झाली आहे. एकच स्त्री उपकेंद्र, खाजगी दवाखाना, ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशा तीन-चार ठिकाणी जाते आणि प्रत्येक ठिकाणी परीक्षण पहिल्यापासून सुरू होते. ऑगस्ट २०१७ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षात ५५ अर्भके दगावल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा अपुऱ्या दिवसांची बाळे आणि खाजगी रुग्णालयांतून अखेरच्या क्षणी पाठविलेली बाळे ही कारणे रुग्णालयाकडून सांगण्यात आली होती. त्या मृत्यूंचा संबंध परीक्षणाशी जोडण्याचा आमचा हेतू नाही. उशिरा व माहितीविना पाठविलेल्या बाळाला कोणताही कक्ष किती वाचवू शकतो, हा प्रश्न मात्र पाठविणाऱ्यांनी स्वतःला विचारलाच पाहिजे.

म्हणून आमची मुख्य सूचना अशी : मातेसोबत जाणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर चार गोष्टी ठळकपणे लिहाव्यात. पाणी केव्हा गेले, दिनांक व वेळ. आजवर किती योनिपरीक्षणे झाली आणि शेवटचे केव्हा, सुईणीने केलेली धरून. मातेला ज्वर होता काय. गर्भोदकाचा रंग व वास कसा होता. या चार ओळी वाचून पुढील डॉक्टर अनावश्यक परीक्षण टाळू शकतात आणि बालरोगतज्ज्ञ बाळावर पहिल्या तासापासून लक्ष ठेवू शकतात. प्रसूती लांबली, तर नियमाने वागूनही परीक्षणे तीनहून अधिक होतील. त्यात अपराध नाही. मात्र ती लपविण्यात आहे.

घरी परतल्यावर

बाळ घरी आले, म्हणजे जोखीम संपली असे नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण आरोग्यदूतांकरवी नवजातांची घरच्या घरी देखभाल केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि सेप्सिस झालेल्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. लक्षणे वेळीच ओळखणारी व्यक्ती घरापर्यंत पोहोचली, हे त्या यशाचे एक मोठे कारण होते. आज आशा कार्यकर्ती संस्थेत जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी देते. पहिली तिसऱ्या दिवशी असते. ज्या बाळाच्या जन्मापूर्वी पाणी लवकर गेले किंवा परीक्षणे अधिक झाली, त्याची माहिती आपण तिला आवर्जून द्यावी.

लक्षणे साधी आहेत : चांगले दूध ओढणारे बाळ ओढेनासे होणे, रडणे क्षीण होणे, सुस्ती, अंग गार पडणे किंवा तापणे, श्वास मिनिटाला ६० वा अधिक होणे, छाती आत ओढली जाणे, झटके, नाभीतून वा त्वचेवर पू दिसणे. यांपैकी काहीही दिसल्यास घुटी, काढा वा मध-तुपाचे चाटण देत बसू नये. बाळाला उबेत गुंडाळून, मातेच्या छातीशी धरून, तत्काळ नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका अशा वेळी मागवावी.

उपसंहार

आमच्याकडे आता प्रसववेदनेतील स्त्री आली, की कागदाच्या वरच्या कोपऱ्यात पाणी गेल्याची वेळ लिहिली जाते आणि तिच्याखाली प्रत्येक परीक्षणागणिक एक उभी रेघ ओढली जाते. दुसरी रेघ ओढताना हात आपोआप थबकतो आणि मन विचारते, ही खरोखर हवी आहे काय? रुग्णा पुढे गेली, तर तो कागद तिच्यासोबत जातो. या कृतीला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही आणि खर्चही नाही. आपल्या परिसरातील सर्व वैद्यबंधू-भगिनींनी, त्यांच्याकडे प्रसूती होत असोत वा नसोत, ही पद्धती अंगीकारावी, अशी आमची नम्र विनंती आहे.